घर घेणाऱ्याचा स्वतःचा मध्यस्थ

भिवंडीच्या बाजारात दलाल हा शब्द कोणालाही खटकत नाही. सुताचा व्यापार दलालाच्या मार्फत होतो, कोऱ्या कापडाचा सौदाही दलालाच्या मार्फत होतो. मागवाला सूत घ्यावयास निघाला म्हणजे समोरचा दलाल गिरणीचा आहे, पेढीचा आहे की आपला आहे, हे त्याला पहिल्या चहाच्या आतच ठाऊक झालेले असते. भाव ऐकताना तो हे ध्यानात ठेवूनच ऐकतो. नवल असे की हाच मागवाला, किंवा त्याच्या कारखान्यातील कारागीर, आयुष्याची पुंजी घेऊन घर पाहावयास निघतो तेव्हा हा साधा प्रश्न विचारावयास विसरतो. घर दाखविणारा मनुष्य गोड बोलतो, मोटारसायकलवर बसवून चार इमारती दाखवितो, बँकेतील ओळख सांगतो आणि वर म्हणतो की, "तुम्हाला काही द्यावे लागणार नाही, बिल्डर पाहून घेईल." एवढ्यावर तो आपला मनुष्य ठरतो. वास्तविक त्याच वाक्यात त्याने आपण कोणाचे आहोत हे सांगून टाकलेले असते.

प्रस्तुत भाषणाचा विषय हाच आहे. घर विकणाऱ्याचा मध्यस्थ असतो, तसा घर घेणाऱ्याचाही स्वतःचा मध्यस्थ असावा काय, असल्यास त्याने काय करावे, आणि त्याचा मेहनताना कोणत्या रीतीने द्यावा, याचा विचार येथे भिवंडी शहर व तालुका नजरेसमोर ठेवून केला आहे.

भिवंडीच निवडण्याचे कारण उघड आहे. यंत्रमागाच्या या शहरात उत्तर प्रदेश, तेलंगण, कोकण अशा अनेक ठिकाणची माणसे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. पद्मानगरातील तेलुगू विणकर, शांतीनगर-गैबीनगरातील कारागीर, नारपोलीतील कामगार यांची पहिली वस्ती बहुधा भाड्याच्या किंवा पागडीच्या खोलीत झाली. २००१ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पुढे मुंबई-नाशिक महामार्ग व जुना आग्रा रस्ता यांच्या बाजूने पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या गावांत गोदामे उभी राहिली, तर खाडीपलीकडे ठाण्याकडे तोंड करून असलेल्या कशेळी-काल्हेरमध्ये उंच इमारती उठल्या. तालुक्यातील ६० गावांसाठी २००७ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. म्हणजे दोन मैलांच्या अंतरात बांधकाम परवानगी देणारी संस्था बदलते. शहरात महानगरपालिका, शेजारच्या गावात प्राधिकरण. घर घेणाऱ्यास या सीमा दिसत नाहीत. त्याला रस्ता दिसतो, पाण्याची टाकी दिसते आणि जाहिरातीत मेट्रोचे चित्र दिसते.

या अज्ञानाची किंमत केवढी असू शकते, हे या शहराने पाहिले आहे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत रहिवासी झोपेत असताना कोसळली आणि चाळिसाच्या आसपास माणसे प्राणास मुकली. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि अनधिकृत बांधकामांसंबंधीचे ते प्रकरण जिलानी इमारतीच्याच नावाने चालले. त्यानंतर २९ एप्रिल २०२३ रोजी माणकोलीजवळ वळपाडा येथे वर्धमान कंपाउंडमधील इमारत पडली व आठ जण दगावले. तेथे खाली मालाचा साठा आणि वर कुटुंबांचा रहिवास होता. या दोन्ही ठिकाणी राहणारी सर्वच माणसे घरमालक नव्हती, हे खरे. तथापि, खोली घेताना इमारतीच्या कागदांकडे व भिंतींकडे त्यांच्या बाजूने पाहणारा कोणी जाणकार असतो तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्रात सदनिका घेणाऱ्यास संरक्षण देण्याचा प्रयत्न नवा नाही. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियमाने विकासकावर करारनामा करण्याचे, नकाशे दाखविण्याचे व अभिहस्तांतरण करून देण्याचे बंधन घातले. त्या कायद्याचा रोख प्रवर्तकावर होता. मध्यस्थ हा स्वतंत्रपणे कायद्याच्या कक्षेत आला तो २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाने. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण, म्हणजे महारेरा, काम करू लागले. या कायद्याच्या कलम ९ अन्वये नोंदणी केल्याखेरीज कोणासही नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिकेच्या खरेदीविक्रीत मध्यस्थी करता येत नाही. कलम १० अन्वये नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर विकावयास मदत करण्यास त्यास मनाई आहे. खोटी जाहिरात, नसलेल्या सोयींचे आश्वासन हेही त्यास वर्ज्य आहे. एवढेच नव्हे, तर घर आरक्षित करतेवेळी ग्राहकास ज्या माहितीचा व कागदपत्रांचा हक्क आहे, ती त्याच्या हाती पडतील असे पाहणे हे मध्यस्थाचे कर्तव्यच ठरविले आहे. नोंदणीवाचून धंदा करणाऱ्यास दररोज १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

२०२३ च्या जानेवारीत महारेराने याहून पुढचे पाऊल टाकले. मध्यस्थांना प्रशिक्षण व परीक्षा बंधनकारक केली. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली, आणि १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्रावाचून काम करता येऊ नये असा नियम झाला. शिंप्याला, न्हाव्याला, वाहनचालकाला हात बसल्यावाचून काम मिळत नाही. लोकांची आयुष्यभराची कमाई ज्याच्या शब्दावर हलते त्याला मात्र इतकी वर्षे एक वही आणि एक दूरध्वनी पुरत असे!

पण येथे एक बारकावा आहे. नोंदणी झालेला मध्यस्थ म्हणजे घर घेणाऱ्याचा मध्यस्थ नव्हे. कायद्यातील व्याख्येत विकणाऱ्याच्या वतीने बोलणारा येतो, घेणाऱ्याच्या वतीने बोलणारा येतो आणि केवळ दोघांची गाठ घालून देणाराही येतो. तो कोणाच्या वतीने उभा आहे हे प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. प्रत्यक्ष व्यवहारात नव्या इमारतींतील बहुसंख्य मध्यस्थ विकासकाकडून मोबदला घेतात. जुन्या घरांच्या व्यवहारात तर दोन्ही बाजूंकडून एकेक, दोनदोन टक्के घेण्याची रीत आहे. दोन्हीकडून घेणारा मनुष्य लबाडच असतो असे नाही. मात्र विकणाऱ्याला सगळ्यात जास्त किंमत आणि घेणाऱ्याला सगळ्यात कमी किंमत अशी दोन्ही आश्वासने एकाच तोंडाने पाळता येत नाहीत. शेवटी तो पाळतो एकच गोष्ट, ती म्हणजे सौदा तुटू न देणे.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना हे बाजार समितीच्या उदाहरणाने चटकन पटेल. शेतकऱ्याचा माल विकणारा अडत्या वर्षानुवर्षे शेतकऱ्याच्याच पट्टीतून अडत कापून घेत असे आणि त्याची खरी ऊठबस मात्र व्यापाऱ्याशी असे. २०१६ साली राज्य शासनाने फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असा निर्णय केला. पैसा कोणाच्या खिशातून जातो आणि काम कोणाचे होते हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि दोन्ही विचारले पाहिजेत. घराच्या बाबतीत विकासक जो मोबदला देतो तो घराच्या किमतीतूनच निघतो. म्हणजे पैसा घेणाऱ्याचा आणि निष्ठा विकणाऱ्याशी, असा हा उफराटा प्रकार आहे.

अमेरिकेसारख्या देशातही हा घोळ फार काळ चालला. १९८३ साली तेथील संघराज्य व्यापार आयोगाच्या अहवालात असे आढळून आले की, घर दाखविणारा दलाल आपल्या बाजूचा आहे अशी बहुतेक खरेदीदारांची समजूत होती. कायद्याने तो विक्रेत्याचा उपप्रतिनिधी होता. खरेदीदार त्याला विश्वासाने सांगे की मी अमुक रकमेपर्यंत जाऊ शकतो, आणि ती रक्कम विक्रेत्याला कळविणे हे त्या दलालाचे कर्तव्य ठरे. त्यानंतर तेथे खरेदीदाराचा निराळा प्रतिनिधी ही प्रथा वाढली. तिच्यातही दोष शिरले. मोबदला विक्रेत्यामार्फतच मिळत राहिल्याने न्यायालयीन लढे झाले, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून दलालांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सभासदांनी घर दाखविण्यापूर्वीच खरेदीदाराशी लेखी करार करावा, त्यात मोबदला स्पष्ट लिहावा, असा नियम झाला. तो देश व आपला देश यांत अंतर पुष्कळ आहे. घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, लेखी कराराला पर्याय नाही.

असा करार करण्यास आपल्याकडे नवा कायदा हवा असे मात्र नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील प्रतिनिधीविषयक प्रकरण त्यासाठी पुरेसे आहे. ज्याने प्रतिनिधी म्हणून काम पत्करले त्याने मालकास हिशेब दिला पाहिजे आणि अडचण आल्यास त्याचा विचार घेतला पाहिजे. मालकाच्या संमतीवाचून त्याने स्वतःचा मतलब त्या व्यवहारात गुंतविला, तर कलम २१५ व २१६ अन्वये मालकास परिस्थितीनुरूप व्यवहार नाकारता येतो किंवा प्रतिनिधीने मिळविलेला लाभ मागता येतो. गैरवर्तन करणाऱ्या प्रतिनिधीस त्या कामाचा मेहनताना मागण्याचा हक्कही राहत नाही. प्रश्न असतो तो "हा माझा प्रतिनिधी होता" हे सिद्ध करण्याचा. एक साधा कागद ते काम करतो. त्यावर मध्यस्थाचा महारेरा क्रमांक असावा, तो केवळ खरेदीदारासाठी काम करील व अन्य कोणाकडून मोबदला घेणार नाही असे असावे, घेतल्यास ती रक्कम खरेदीदाराची असे असावे, आणि मेहनताना आकड्यात असावा.

मेहनतान्याविषयी थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे, कारण सारे पाणी तेथेच मुरते. समजा, काल्हेरमधील घराची मागणी ३२ लाखांची आहे. मध्यस्थास एक टक्का ठरला आहे. त्याने घासाघीस करून किंमत ३० लाखांवर आणली, तर खरेदीदाराचे दोन लाख वाचतात आणि मध्यस्थाचे दोन हजार बुडतात! ही रक्कम लहान आहे. खरे नुकसान निराळेच आहे. कागद तपासून त्याने "हे घर घेऊ नका" असे सांगितले, तर त्याचे ३० हजारच्या ३० हजार जातात. म्हणजे जो सल्ला ग्राहकाला सर्वांत मोलाचा, तोच देण्याने सल्लागार उपाशी राहतो. यास्तव टक्केवारीपेक्षा ठरीव रक्कम बरी, आणि त्या रकमेतील काही भाग सौदा न झाला तरी देय असावा. "घर घेतले नाही, मग पैसे कसले?" असे म्हणण्याची आपली रीत आहे. डॉक्टरने रोग नाही असे सांगितले म्हणून त्याची फी कोणी बुडवीत नाही. नकाराची मजुरी देण्याची तयारी नसलेल्यास आपला मध्यस्थ कधीच लाभणार नाही.

अशा मध्यस्थाने करावयाचे काम पुष्कळ आहे, आणि भिवंडीसारख्या ठिकाणी त्यातील बरेचसे पायपिटीचे आहे. सातबारा उतारा व फेरफार नोंदी पाहून जमीन कोणाची हे ठरवावे लागते. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६ अ अन्वये सक्षम परवानगीवाचून तिचे हस्तांतरण होत नाही. कुळाची, वनाची, गुरचरणाची नोंद असेल तर तेथेच थांबावे. हे उतारे आता महाभूमी संकेतस्थळावर मिळतात. तरी नोंदीचा अर्थ लावावयास तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, जाणे चांगले. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २ वरून पूर्वीचे व्यवहार कळतात. ३० वर्षांचा शोध वकिलाकडूनच घ्यावा. मध्यस्थ वकिलाची जागा घेऊ शकत नाही, आणि जो तसे म्हणतो त्याच्यापासून दूर राहावे हे उत्तम.

जुन्या इमारतीतील घर असेल तर आणखी एक कागद मागावा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे ३० वर्षे झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. विक्रेता भिंतीला नवा रंग देऊन ठेवतो. खरेदीदाराच्या मध्यस्थाने जिन्याखालचा भाग, गच्ची, संडासाच्या बाजूचे खांब पाहावेत आणि तळमजल्यावर यंत्रमाग चालतो काय याची विचारपूस करावी. यंत्राची रात्रंदिवसची थरथर घर पाहावयास आलेल्या मनुष्यास दुपारी वीज गेलेली असताना जाणवत नाही.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग घरपट्टीचा आहे. खेड्यातील इमारतीत घर विकताना ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती व ना हरकत दाखला पुढे केला जातो. घरपट्टीची आकारणी म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. कर वापरावर लागतो, त्याने अनधिकृत इमारत अधिकृत होत नाही. अधिसूचित गावांत परवानगी प्राधिकरणाचीच लागते. सरपंचाच्या सहीचा दाखला पाहून एखाद्या कारागिराने आपल्या पत्नीचे दागिने मोडून रक्कम भरली, तर त्या सहीचे ओझे सहीच्या आकाराहून फार मोठे होते. दाखला देताना त्यावर "ही बांधकाम परवानगी नाही" एवढे शब्द ठळक लिहिले, तरी कितीतरी अनर्थ टळेल.

मग महारेराचा क्रमांक असला म्हणजे झाले काय? १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणेही सक्तीचे आहे. तो मोबाइलवर उघडून पाहावाच. परंतु खाडीपलीकडील कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या प्रकरणात पालिकेची बनावट परवानगीपत्रे जोडून महारेराची नोंदणी मिळविली गेल्याचे उघडकीस आले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांनी क्रमांक पाहिलेला होता. पाहिला नव्हता तो मूळ परवानगीचा जावक क्रमांक, पालिकेच्या नगररचना विभागातील नोंदवहीशी ताडून. हे ताडून पाहणे दिवसभर कारखान्यात उभे राहणाऱ्या मनुष्याला शक्य नसते. त्याचा स्वतःचा मध्यस्थ असेल तर ते त्याचे पहिले काम आहे. विकासकाकडून मोबदला घेणारा मध्यस्थ नगररचना विभागाची पायरी कशाला चढेल?

शिक्षकांना या कामी एक जागा आहे. वस्तीतील पुष्कळ माणसे कागद वाचून घेण्यासाठी अजूनही शाळेतल्या मास्तरांकडे किंवा बाईंकडे येतात. करारनाम्यात चटईक्षेत्र किती लिहिले आहे, किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम करार नोंदण्यापूर्वी मागितली आहे काय (कलम १३ अन्वये ती मागता येत नाही), ताबा देण्याची तारीख लिहिली आहे की जागा कोरी सोडली आहे, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ झाले. स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हेही त्याच बैठकीत सांगून टाकावे. दलाल ते आपणहून क्वचितच सांगतो.

फसगत झालीच, तर महारेराच्या कलम ३१ अन्वये तक्रार विकासकाविरुद्ध करता येते तशी मध्यस्थाविरुद्धही करता येते. तक्रारीचे शुल्क पाच हजार रुपये आहे. आदेशाप्रमाणे व्याज, दंड किंवा भरपाईची रक्कम न भरल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते, मात्र तिला वेळ लागतो. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील अथवा आठ सदनिकांपर्यंतच्या इमारतीस मात्र नोंदणीची सक्ती नाही. भिवंडीच्या गावठाणांत आणि पाड्यांत अशा लहान इमारती पुष्कळ आहेत. तेथे ग्राहक आयोग व दिवाणी न्यायालय हेच मार्ग उरतात. म्हणून लहान इमारतीत खोली घेणाऱ्या गरिबालाच आपल्या बाजूच्या जाणकाराची गरज अधिक आहे, आणि त्याचा मेहनताना परवडत नाही तोही तोच. दोनचार शेजाऱ्यांनी मिळून एकाच इमारतीची चौकशी एकाच मध्यस्थाकडून व एकाच वकिलाकडून करून घेतली, तर खर्च वाटला जातो. एकाच कारखान्यातील कारागीर भिशी एकत्र लावतातच, ही चौकशीही त्यांना एकत्र करता येईल.